चंद्राची पाठ आणि नसलेला पर्वत

पृथ्वीवरून चंद्राची पाठ कधीच दिसत नाही. ७ ऑक्टोबर १९५९ रोजी सोव्हिएत संघाच्या ‘लूना ३’ या यानाने तिची पहिली छायाचित्रे घेतली. फिल्म यानातच धुतली, वाळवली गेली आणि चित्रे रेडिओसंकेतांच्या रूपाने पृथ्वीवर आली. ती पुसट होती. तरी नामकरणाची घाई झाली. ‘मॉस्कोचा समुद्र’ नकाशावर टिकला. एका उजळ पट्ट्याला मात्र ‘सोव्हिएत पर्वत’ म्हटले गेले. पुढच्या स्पष्ट छायाचित्रांत तेथे पर्वत आढळलाच नाही; आघाताने उधळलेल्या द्रव्याचा तो पट्टा होता. जीर्ण पोथी वाचताना आम्हीही पुसट अक्षरांत हवा तो शब्द पाहतो. दुसरी प्रत हाती येईपर्यंत तो पाठ ‘संशयित’ म्हणण्याचा संयम आम्ही वर्गात शिकवतो का?