भोक पाडलेले धनुष्य

जुनी वस्तू हाती आली की दोन प्रश्न पडतात. ती जपून ठेवावी, की वापरावी? घड्याळाच्या बाबतीत उत्तर चुकले तर फारसे बिघडत नाही. धनुष्याचे तसे नाही. ताणलेले धनुष्य म्हणजे साठवलेली ऊर्जा, आणि ते मोडले तर ही ऊर्जा आपल्या चेहऱ्याशेजारीच मोकळी होते. म्हणून जुन्या धनुष्याची पारख इतिहास आणि पदार्थविज्ञान या दोन्ही अंगांनी करावी लागते.

अमेरिकेत १९६० च्या सुमारास बनलेले एक धनुष्य आपल्यासमोर आहे असे समजू. फ्रेड बेअर यांनी १९३३ मध्ये डेट्रॉइट येथे सुरू केलेला उद्योग १९४७ मध्ये मिशिगन राज्यातील ग्रेलिंग या गावी गेला आणि १९७८ मध्ये फ्लोरिडात. त्यामुळे धनुष्यावर 'ग्रेलिंग' हे नाव असले की काळाचा पहिला अंदाज येतो. मुठीत बसवलेले धातूचे पदक दुसरा पुरावा देते. ही पदके १९५९ पासून बसवली जाऊ लागली. १९७३ पासून त्यांच्या जागी उठावाचे प्लास्टिक आले.

या धनुष्याची टोके नेमबाजाच्या विरुद्ध दिशेला वळलेली असतात. ही युक्ती नवी नाही. आशियातील धनुर्धर हजारो वर्षे शिंग, लाकूड आणि स्नायुतंतू चिकटवून अशी धनुष्ये करीत. विष्णूच्या 'शार्ङ्ग' धनुष्याचे नावही 'शृंग' म्हणजे शिंग या शब्दावरूनच आले आहे. ताणताना धनुष्याची आतली बाजू दाबली जाते आणि बाहेरची ओढली जाते. शिंग दाब सोसते, स्नायुतंतू ताण सोसतात. मात्र दमट हवेत स्नायुतंतू आणि सरस दोन्ही सैल पडतात. १९५० च्या दशकात मेपलच्या पातळ पट्ट्यांना दोन्ही बाजूंनी फायबरग्लास चिकटवण्याची पद्धत रुळली आणि ही अडचण मिटली.

वळणाचा फायदा काय? सुरुवातीला दोरी वळलेल्या टोकांवर टेकलेली असते. ओढत गेले की ती सुटी होते आणि तरफेची लांबी वाढते. त्यामुळे बल आधी झपाट्याने वाढते आणि शेवटी त्याची वाढ मंदावते. ४५ पौंडांचे धनुष्य पूर्ण ताणताना सुमारे २०० न्यूटन बल लागते. दोरी अर्धा मीटर मागे आली आणि बल सारख्या गतीने वाढले असे धरले, तर साठलेली ऊर्जा ½ × २०० × ०.५ = ५० जूल होते. वळणामुळे आलेख मधे वर फुगतो, म्हणून त्याखालचे क्षेत्रफळ, अर्थात ऊर्जा, याहून थोडी अधिक भरते. धनुष्याचे असे गणित मांडण्याचे मोठे काम बेल प्रयोगशाळेतील भौतिकशास्त्रज्ञ क्लॅरन्स हिकमन यांनी केले. त्यांचा पहिला महत्त्वाचा निबंध १९२९ चा आहे.

आता समोरचे धनुष्य निरखून पाहू. मुठीच्या पुढे एक भोक आहे. त्यात हादरे कमी करणारा दांडा बसवला असावा. असे दांडे १९६० च्या दशकात प्रचारात आले. बाजूला नेमदर्शकाच्या स्क्रूंच्या खुणा आहेत. मूळ वॉर्निश खरवडून नवे लावले आहे, आणि त्या भरात कारखान्यात लिहिलेला ताणाचा आकडा पुसला गेला आहे.

संग्राहकाच्या दृष्टीने या बदलांनी किंमत घसरते. स्क्रू काढता येतो, पण पुसलेला आकडा परत येत नाही. नेमबाजाच्या दृष्टीने मात्र हिशेब वेगळा आहे. वॉर्निश बदलल्याने बाण मंदावत नाही. मुठीचा भाग जाड असल्याने तिथले लहान भोकही बहुधा धोक्याचे नसते. पण लाकूड खोल कोरले असेल किंवा भोकापासून तडा निघाला असेल, तर थांबावे. खरी परीक्षा दोन्ही पात्यांची. त्यावर कापूस फिरवला की उठलेला तंतू अडकतो. थर सुटले आहेत का, पाते पिळले आहे का, हे टोकाकडून पाहिल्यास कळते. ताणाचा आकडा नव्याने मोजावा. दोरी पॉलिएस्टरचीच लावावी. १९८० च्या दशकात आलेल्या, जवळजवळ न ताणल्या जाणाऱ्या दोऱ्यांचा झटका जुन्या टोकांना सोसत नाही. बाण न लावता दोरी कधीही सोडू नये, कारण बाणाकडे जाणारी ऊर्जा मग पात्यांतच परतते.

इतिहासाच्या अभ्यासकाला मात्र ते भोक म्हणजे केवळ नुकसान वाटू नये. कोणीतरी हे धनुष्य टाकून न देता काळाबरोबर आणले, याचा तो पुरावा आहे. भोक बुजवून धनुष्य 'मूळचे' भासवणे म्हणजे हा पुरावा नष्ट करणे, शिवाय विकत घेणाऱ्याची फसवणूकही. म्हणून आमचे मत असे की आधी नोंद करावी, मग मोजावे, आणि दुरुस्तीचा विचार सर्वांत शेवटी करावा.

वर्गात एवढे तरी करता येईल. बांबूचे हलके धनुष्य आणि तणावकाटा घ्या. दर पाच सेंटिमीटरला बल मोजा, आलेख काढा, आणि दोरी हळूहळू मागे न्या. आलेखाखालचे चौकोन मोजताना विद्यार्थ्यांना ऊर्जेचा अर्थ आपोआप कळेल.