सव्वीस दिवस आणि एक पावती

नोकरदाराला पहिली तारीख ठाऊक असते. उक्ते काम करणाऱ्याला फक्त शेवटची! गेली अनेक वर्षे भाषांतरे करून आणि मुद्रिते तपासून मी पोट भरीत आलो आहे. त्यामुळे ‘उद्या सकाळपर्यंत हवे, पैशांचे मागाहून पाहू,’ हे वाक्य मला तोंडपाठ झाले आहे. ते ऐकले की मला हटकून रशियन कादंबरीकार दोस्तोयेव्हस्की आठवतो. त्याची थोरवी वाचकांना मी सांगायला नको. पण हा थोर माणूसही आपल्यासारखाच मुदतीवर काम करणारा मजूर होता, आणि त्याने केलेला एक करार आजही डोळ्यांत अंजन घालणारा आहे.

१८६४ मध्ये त्याचा भाऊ मिखाईल वारला. पुढच्याच वर्षी त्यांचे मासिक बंद पडले आणि कर्जाचा डोंगर दोस्तोयेव्हस्कीच्या डोक्यावर आला. सावकार तुरुंगाची भीती घालू लागले. अडला हरी गाढवाचे पाय धरी, तशी त्याची गत झाली. १८६५ च्या उन्हाळ्यात स्टेलोव्हस्की नावाच्या प्रकाशकाशी त्याने करार केला. तीन हजार रूबलच्या बदल्यात आजवरच्या सर्व लेखनाची एक आवृत्ती काढण्याचा हक्क द्यायचा, शिवाय १ नोव्हेंबर १८६६ पर्यंत एक नवी कादंबरी लिहून द्यायची. ती न दिली तर? तर पुढली नऊ वर्षे तो जे जे लिहील ते ते स्टेलोव्हस्कीने फुकट छापावे! मिळालेले रूबल बहुतेक सावकारांच्याच घरी गेले. आणि त्यांतल्या काही वचनचिठ्ठ्या स्टेलोव्हस्कीनेच हस्तकांमार्फत स्वस्तात विकत घेऊन ठेवल्या होत्या, असे पुढे दोस्तोयेव्हस्कीच्या पत्नीने आपल्या आठवणींत नोंदवले आहे. म्हणजे या हाताने दिले, त्या हाताने परत घेतले.

१८६६ साली ‘क्राइम अँड पनिशमेंट’ एका मासिकातून क्रमशः येत होती. सारे वर्ष त्यातच गेले. ऑक्टोबर उजाडला तरी नव्या कादंबरीची एक ओळही कागदावर नव्हती. मित्रांनी सुचवले, आपण सारे मिळून एकेक भाग लिहू. दुसऱ्याच्या लेखनाखाली आपले नाव घालायला तो तयार होईना. अखेर लघुलेखिका बोलवावी असे ठरले, आणि ४ ऑक्टोबरला अॅना ही वीस वर्षांची मुलगी त्याच्या दारात उभी राहिली. तो रात्री टिपणे काढी; दुपारी बाराच्या सुमारास ती येई, चारपर्यंत तो सांगे, ती टिपून घेई आणि घरी बसून स्वच्छ प्रत करी. दुसऱ्या दिवशी तो पाने मोजी, आणि वाढत्या पानांनी त्याला धीर येई. सव्वीस दिवसांत ‘द गॅम्बलर’ ही कादंबरी पुरी झाली.

घोडे गंगेत न्हाले असे वाटावे, तर खरी गंमत पुढेच आहे. १ नोव्हेंबरला तो हस्तलिखित घेऊन गेला, तेव्हा स्टेलोव्हस्की परगावी गेला होता! कचेरीतल्या व्यवस्थापकाने, मला अधिकार नाही म्हणून हात वर केले. पण अॅनाने आधीच आईमार्फत एका वकिलाचा सल्ला घेऊन ठेवला होता. त्याप्रमाणे त्या रात्री हस्तलिखित पोलीस ठाण्यात दाखल झाले, आणि त्या तारखेची पावती हाती आली. त्या चिटोऱ्याने नऊ वर्षांचे लेखन वाचवले.

सव्वीस दिवसांचे कौतुक सगळे करतात. मला मात्र त्या परगावी गेलेल्या प्रकाशकाचे महत्त्व वाटते. त्याला कादंबरी नकोच होती, त्याला चुकलेली मुदत हवी होती. दिवाळी अंकाचा संपादकही भाद्रपदापासून तगादा लावतो. पण लेख आला नाही तर त्याचीच पाने कोरी राहतात. घाई दोघांचीही, नियत मात्र निराळी.

मध्यंतरी एका गिऱ्हाइकाने तीनशे पानांचे भाषांतर माझ्याकडे पंधरा दिवसांत मागितले. उशीर झाल्यास रोज मोबदल्याचा दहावा भाग कापायचा, असे कलम होते. मी पाटीवर हिशेब मांडला. रोज वीस पाने काही माझ्याने होत नाहीत. फार तर बारा. म्हणजे पंचवीस दिवस लागणार, आणि पंचविसाव्या दिवशी काम त्यांचे नि माझा मोबदला शून्य! मी पंचवीस दिवस मागितले, ते त्यांनी दिले नाहीत, आणि मी काम सोडले. त्या महिन्यात घरखर्चाची ओढाताण झाली, वाण्याला थांबावे लागले. पण पाटीवरचा हिशेब काही बदलला नाही.

या हकिगतीत एक चोख व्यवहारही आहे. काम संपताच दोस्तोयेव्हस्कीने अॅनाला ठरलेले पन्नास रूबल मोजून दिले. आपल्या गळ्याला फास असताना तिची मजुरी त्याने थकवली नाही. १८६७ च्या फेब्रुवारीत दोघांचे लग्न झाले. आणि १८७३ मध्ये अॅनाबाईंनी ‘द डेव्हिल्स’ ही कादंबरी घरूनच प्रसिद्ध करून स्वतः विकायला आरंभ केला. छापखान्याशी, कागदवाल्याशी, पुस्तकविक्रेत्यांशी त्याच बोलत. ज्या घराने प्रकाशकाचा फास अनुभवला, तेच घर प्रकाशक झाले.

प्रत्येकाला अशी अॅना भेटत नाही. म्हणून मुदतीचा कागद पुढे आला की सही करण्यापूर्वी एवढेच विचारावे : ही तारीख चुकली तर नुकसान कोणाचे, आणि फायदा कोणाचा? आणि काम हातावेगळे झाले की, रात्रीचे दहा वाजले असले तरी, पावती घेऊनच घरी यावे.