जाळी, पंखा आणि झाकण

जुन्या पिकअपमध्ये दुसरं, दांडगं इंजिन बसवलं की मालक काही दिवस त्याच्या ताकदीचं कौतुक सांगत फिरतो आणि मग एके दुपारी रस्त्याकडेला बॉनेट उघडून उभा दिसतो. चेन्नईतल्या वेलचेरीत ही वेळ बहुधा मे महिन्यात येते. ‘अग्निनक्षत्रम्’चे, म्हणजे ऐन कडक उन्हाचे, दिवस असतात, पारा चाळिशीपार गेलेला असतो, विजयनगरच्या चौकात गाडी मुंगीच्या पावलानं सरकते आणि तापमानाचा काटा लाल रेघेला भिडतो. यावर गॅरेजमधला सल्ला ठरलेला: रेडिएटरची जाळी मोठी टाका. सल्ला चुकीचा नाही, पण अपुरा आहे. रेडिएटरचं सगळं कूळ पाण्यापेक्षा वाऱ्याच्या मागे धावत आलेलं आहे.

कार्ल बेंझच्या 1886 च्या तीनचाकीला रेडिएटर नव्हताच. सिलिंडरभोवतीचं पाणी उकळायचं, वाफ होऊन उडून जायचं आणि वरून नवं ओतायचं. 1888 च्या ऑगस्टमध्ये बेर्टा बेंझ दोन मुलांना घेऊन मानहाइमहून फोर्झहाइमला निघाली. इंधन तिला वाटेत एका औषधाच्या दुकानात मिळालं, पण पाण्यासाठी तिला पुन्हापुन्हा थांबावं लागलं. खंबाटकीच्या चढावर वाफाळत्या ट्रकमध्ये डब्यानं पाणी ओतणारा क्लीनर ज्यांनी पाहिलाय, त्यांना बेर्टाबाईंचा प्रवास वेगळा समजावून सांगायला नको.

खरा रेडिएटर आला तो विल्हेल्म मायबाखच्या हातून. एमिल येलिनेक या हौशी आणि हट्टी गिऱ्हाइकासाठी डाइमलर कंपनीनं 1900 च्या अखेरीस 35 अश्वशक्तीची मर्सिडीज तयार केली. तिच्या तोंडाशी चौकोनी नळ्यांची मधाच्या पोळ्यासारखी जाळी होती. प्रत्येक नळी 6 मिलिमीटर रुंद आणि 6 मिलिमीटर उंच, आणि अशा एकूण 8070 नळ्या. नळ्यांमधून वारा जायचा आणि नळ्यांमधल्या बारीक फटींतून पाणी. एवढ्या इंजिनाला 9 लिटर पाणी पुरलं. मला मात्र त्या हजारो नळ्यांपेक्षा जाळीमागचा छोटा पंखा जास्त महत्त्वाचा वाटतो. गाडी हळू चालली की समोरून वारा येत नाही, हे मायबाखनं तेव्हाच ओळखलं होतं.

इंजिन बदलायचा उद्योग पुढे वाढवला तो पर्किन्सनं. 1932 साली इंग्लंडमधल्या पीटरबरोला सुरू झालेल्या या कंपनीची डिझेल इंजिनं पेट्रोल ट्रकमधलं मूळ इंजिन काढून त्याच्या जागी बसवली जात. मद्रासमध्ये 1840 पासून घोडागाड्या बांधणाऱ्या सिंपसननं पुढे पर्किन्स इंजिनं इथेच बनवली. आपल्याकडे जीप, अँबॅसेडर आणि पिकअप डिझेलवर नेण्याची लाट आली, त्यात आकुर्डीच्या बजाज टेम्पोचं मॅटॅडोर इंजिनही होतं. ते मूळ मर्सिडीजचं ओएम 616, 2.4 लिटरचं. त्या पिढीचं जुन्या जाळीवर निभावलं याला कारण आहे. तेवढीच ताकद देताना डिझेल इंजिन पेट्रोलपेक्षा कमी उष्णता पाण्यात सोडतं. आजचा बदल तसा नसतो. आज टर्बो इंजिन येतं, ताकद दुप्पट होते, आणि जाळीच्या पुढे एसीचा कंडेन्सर आणि इंटरकूलर वाऱ्याची वाट अडवून उभे राहतात.

आता वेलचेरीचा हिशेब मांडू. जाळी किती उष्णता टाकेल हे पाणी आणि हवा यांच्या तापमानातल्या फरकावर ठरतं. पाणी 95 अंशांवर असेल आणि महाबळेश्वरला हवा 20 अंश असेल, तर फरक 75. वेलचेरीच्या 40 अंशांत तोच फरक 55 वर येतो. म्हणजे तीच जाळी तेवढ्याच वाऱ्यात पाव हिश्श्याहून अधिक मागे पडते. म्हणून जाळी निवडताना आधी तिचं तोंड जमेल तेवढं रुंद-उंच घ्यावं आणि जाडी नंतर बघावी. जाडी वाढवली की मागच्या ओळींना पुढच्यांनी तापवलेलीच हवा मिळते, शिवाय पंख्यावर भार पडतो. पंख्याभोवती घट्ट कव्हर नसेल तर पंखा फक्त मधल्या गोलापुरती हवा ओढतो आणि कडांवरून गरम हवाच पुन्हा पुढे येते. कव्हरावर पैसे खर्च करायला लोक का कचरतात, कळत नाही.

तांब्या-पितळेची जाळी की अ‍ॅल्युमिनियमची, हा वाद त्यामानानं गौण. तांबं उष्णता जास्त चांगली वाहून नेतं आणि गळती लागली तर डाग देता येतो. अ‍ॅल्युमिनियम हलकं, त्याच्या नळ्या रुंद, पण तिला जोडलेल्या प्लास्टिकच्या टाकीला चीर गेली की टाकीच बदलावी लागते. बोअरचं खारं पाणी दोन्हींचा घात करतं. शुद्ध पाणी आणि कूलंट निम्मंनिम्मं घालावं. पावसाळ्यात पुराच्या भीतीनं वेलचेरीतले लोक गाड्या उड्डाणपुलावर नेऊन लावतात. ज्यांच्या गाड्या खालीच राहतात त्यांच्या जाळीत गाळ बसतो. तो इंजिनाच्या बाजूनं बाहेर धुवावा, समोरून पाणी मारलं तर आणखी आत रुततो.

झाकणाची गोष्ट तर थेट चेन्नईची. झाकणातल्या स्प्रिंगमुळे आत दाब धरला जातो. 1 बार जादा दाबाखाली साधं पाणी सुमारे 120 अंशांपर्यंत उकळत नाही. कुकरचंही तत्त्व हेच. जनरल मोटर्सनं 1928 साली मुंबईत शिवडीला शेवरोले जुळवायला घेतल्या, तेव्हा गाड्यांचे सुटे भाग परदेशातून येत. 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला त्याच कंपनीची ब्रिटनमधली झाकणांची यंत्रं सुंदरम फास्टनर्सनं घेऊन इकडे आणली आणि मग चेन्नईहून झाकणं अमेरिकेला जाऊ लागली. इंजिन बदललेल्या गाडीत मात्र झाकणाच्या दाबाइतकीच त्याची जागाही बघावी लागते. नव्या इंजिनाचं पाण्याचं तोंड बऱ्याचदा जाळीच्या टोपीपेक्षा उंच येतं, मग वर हवा कोंडते आणि काटा वेड्यासारखा नाचतो. सगळ्यात उंचावर एक छोटी टाकी बसवून झाकण तिच्यावर न्यावं. खालच्या होजमध्ये स्प्रिंग आहे ना, तेही बघावं; नाहीतर पंपाच्या ओढीनं होजच चेपते.

कायद्याची बाजू चटकन सांगतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे कारखान्याच्या मूळ तपशिलात मनमानी बदल चालत नाहीत, आणि जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं केरळच्या प्रकरणात ते स्पष्ट केलं. तेव्हा आरटीओची परवानगी आधी, पाने-पकड नंतर. आरसीवर इंजिनाचा नंबर चढतो. रेडिएटरची नोंद तिथे नसते. म्हणूनच चेन्नईतल्या पुदुपेटच्या जुन्या भागांच्या बाजारात लोक नुसतं इंजिन उचलून येतात. ज्या गाडीतून ते निघालं तिचीच जाळी, पंखा, कव्हर आणि होज त्याच दुकानात, त्याच वेळी मागून घ्यावेत. निदान मापं तरी घेऊन ठेवावीत.