बदललेली बायको : आयर्लंड, १८९५ आणि ब्रिजेट क्लिअरी

आजच्या भागात एक खरा खटला आहे आणि त्यात मारहाणीचा, जळण्याचा प्रसंग आहे. आजूबाजूला लहान मुलं असतील तर हेडफोन लावा. ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोपं जातं त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा लेखी भाग.

विषय आहे पऱ्या. पण आधी डोक्यातलं चित्र पुसून टाकू. आपला ‘परी’ हा शब्द फारसीतून आलाय आणि तो ऐकला की पंख, चांदीची छडी, चमचमता फ्रॉक असं काहीतरी दिसतं. आयर्लंडमधल्या जुन्या लोकांना हे चित्र दाखवलं असतं तर ते हसले असते. त्यांच्याकडची ही मंडळी माणसाएवढी, माणसासारखी. शेती करणारी, गाणी-नाच करणारी, आपसात भांडणारी, रागीट. आयरिश भाषेत त्यांना ‘ईस शी’ म्हणतात, म्हणजे टेकाडातले लोक. ‘शी’ म्हणजे टेकाड. तुम्ही गेममध्ये किंवा सिनेमात ‘बॅन्शी’ ऐकली असेल, ती म्हणजे टेकाडातली बाई. त्यांचं नाव थेट घ्यायचं नाही, ‘चांगली माणसं’ म्हणायचं, असा रिवाज. चांगली म्हणून नाही हां, ऐकतील या भीतीने.

हे टेकाड म्हणजे नक्की काय? आयर्लंडभर मातीचे गोल बांध दिसतात. साधारण ४५,००० तरी असतील. इतिहासाच्या हिशेबाने ही जुनी शेतकऱ्यांची घरं, बहुतेक इसवी सन ५०० ते १००० या काळातली. मध्ये घर, भोवती बांध, म्हणजे गुरं आत सुरक्षित. पुढे ती ओस पडली, कुणी बांधली ते लोक विसरले, आणि रिकाम्या जागेत गोष्टी राहायला आल्या. बांधावरचं हॉथॉर्नचं काटेरी झाड तोडायचं नाही, आतली माती उकरायची नाही, रात्री तिथून जायचं नाही. या भीतीमुळे हजारो पुरातत्त्वीय जागा नांगराखाली येण्यापासून वाचल्या, हेही खरं.

आता या श्रद्धेतला सगळ्यात धोकादायक भाग. ही ‘चांगली माणसं’ आपली माणसं पळवतात, असं मानलं जायचं. गुटगुटीत बाळ, नुकतीच बाळंत झालेली बाई, देखणी तरुण मुलगी. आणि पळवल्यावर जागा रिकामी ठेवत नाहीत. तिथे तसंच दिसणारं दुसरं काहीतरी ठेवतात, त्यांच्यातलं एखादं म्हातारं किंवा नुसता लाकडाचा ओंडका. इंग्रजीत याला ‘चेंजलिंग’ म्हणतात, आपण ‘बदली’ म्हणू. ओळखायचं कसं? माणूस अचानक खंगतं, चिडचिड करतं, बोलत नाही, बाळ असेल तर वाढत नाही.

आज ही यादी वाचली की कळतं, ही आजारांची यादी आहे. जन्मतः अपंगत्व, क्षयरोग, बाळंतपणानंतरचं नैराश्य. ज्याला नाव नव्हतं त्याला गोष्टीने नाव दिलं. इथपर्यंत वाईट काही नाही, उलट आईबापांना एक आधारच. पण गोष्टीत उपायही होता. बदलीला इतका त्रास द्यायचा की तिचे लोक तिला परत नेतील आणि आपलं माणूस सोडतील. लोखंड, आग, पाणी आणि डिजिटॅलिस हे विषारी द्रव्य असलेल्या फॉक्सग्लव्हचा रस. १८२६ साली केरी परगण्यात अ‍ॅन रोश नावाच्या बाईने चालता-बोलता न येणाऱ्या एका लहान मुलाला फ्लेस्क नदीत बुडवलं. आपण त्याच्यातली परी काढत होतो, असं तिचं म्हणणं. ज्युरीने तिला निर्दोष सोडलं.

आता १८९५ मध्ये येऊ. हे साल लक्षात ठेवा. याच वर्षी नोव्हेंबरमध्ये क्ष-किरण सापडले, डिसेंबरमध्ये पॅरिसला ल्युमिएर बंधूंनी तिकीट लावून सिनेमा दाखवला. म्हणजे आपण अंधाऱ्या मध्ययुगाबद्दल बोलत नाही आहोत.

टिपरेरी परगण्यात बॅलिव्हॅडली नावाची छोटी वस्ती. तिथे ब्रिजेट क्लिअरी राहायची. वय २६ च्या आसपास, लग्न १८८७ साली झालेलं, मूल नाही. नवरा मायकल लाकडी पिंपं बनवणारा कारागीर, लिहिता-वाचता येणारा. ब्रिजेट कपडे आणि हॅट शिवायची, घरी स्वतःचं सिंगर शिलाई मशीन. शिवाय कोंबड्या पाळून अंडी विकायची. म्हणजे हातात स्वतःचे पैसे. कपडे आसपासच्या बायकांपेक्षा जरा फॅशनेबल. सोबत तिचे वडील पॅट्रिक बोलंड. राहायला सरकारी योजनेतून मजुरांसाठी बांधलेलं नवं घर.

४ मार्चला ती अंडी द्यायला जॅक डनकडे गेली. हा तिच्या वडिलांचा चुलतभाऊ, पऱ्यांच्या गोष्टी सांगण्यात पटाईत. वाट किलनाग्रॅना टेकडीच्या बाजूने, आणि तिथे तसलाच एक गोल बांध. थंडी कडाक्याची. परत आली ती कुडकुडत, डोकं दुखतंय म्हणत. अंथरूण धरलं.

घरच्यांनी डॉक्टरला निरोप पाठवला. डॉक्टर आला थेट १३ मार्चला, म्हणजे नवव्या दिवशी. औषध देऊन गेला. त्याच दिवशी पाद्री येऊन शेवटचा धर्मसंस्कार करून गेला. या दिवसांत जॅक डनने अंथरुणातल्या ब्रिजेटकडे पाहून सांगितलं, ही आपली ब्रिजी नाहीच.

वाक्य एवढंच. पण नवऱ्याच्या डोक्यात ते बसलं. त्याने डॉक्टरचं औषध सोडून जडीबुटीवाल्याकडून पाला आणला. १४ मार्चच्या रात्री घरात दहाएक माणसं होती. बाप, आत्या, आतेभाऊ, जॅक डन, शेजारचं जोडपं. चार पुरुषांनी तिला पलंगावर दाबून धरलं, दुधात उकळलेला तो कडू पाला घशात ओतला, अंगावर लघवी टाकली. मग विचारलं, देवाला स्मरून सांग, तू मायकल क्लिअरीची बायको ब्रिजेट आहेस का? उत्तर पटेना म्हणून तिला उचलून चुलीच्या जाळावर धरलं. पुन्हा तोच प्रश्न.

मी दिवसभर कोड लिहितो आणि तो तपासायला टेस्ट लिहितो. टेस्टचा पहिला नियम असा, की पास कशाला म्हणायचं आणि फेल कशाला, ते आधी ठरलेलं हवं. इथे काय ठरलं होतं? ब्रिजेट गप्प राहिली तर ती परी. हो म्हणाली तर परी खोटं बोलतेय. ओरडली तर परीला त्रास होतोय, म्हणजे उपाय लागू पडतोय. ज्या टेस्टमध्ये पास व्हायची वाटच नाही ती टेस्ट नसते, निकाल आधीच लागलेला असतो.

दुसऱ्या दिवशी, १५ मार्चला, पाद्रीने घरी येऊन प्रार्थना केली. संध्याकाळी ब्रिजेट उठली, चांगले कपडे घालून चुलीपाशी येऊन बसली. लोक जमलेले. बोलण्यातून वाद पेटला. आतेबहीण जोहाना बर्कने कोर्टात सांगितलं त्यानुसार ब्रिजेट नवऱ्याला म्हणाली, की पऱ्यांबरोबर तुझी आई जायची, म्हणून तुला माझ्याबद्दल तसं वाटतं. मग मायकलने ब्रेड आणि जॅमचे तीन तुकडे पुढे ठेवले. प्रत्येक तुकड्याआधी आपलं नाव सांगायचं. दोन तुकडे खाल्ले. तिसऱ्याला ती अडखळली. त्याने तिला जमिनीवर पाडलं, जळकं लाकूड तोंडाजवळ नेलं, कपड्यांनी पेट घेतला, आणि त्याने दिव्यातलं रॉकेल तिच्यावर ओतलं. घरात माणसं होती. दाराला कुलूप आणि किल्ली मायकलकडे.

मृतदेह जवळच एका ओल्या खड्ड्यात पुरला. त्यानंतर मायकल रात्री किलनाग्रॅनाच्या त्या बांधावर काळ्या मुठीचा चाकू घेऊन जाऊन बसायला लागला. खरी ब्रिजेट पांढऱ्या घोड्यावरून बाहेर येईल, तेव्हा दोर कापून तिला सोडवायचं, असा त्याचा हिशेब. २२ मार्चला पोलिसांना मृतदेह सापडला. दफनाला गावातलं कुणी आलं नाही. पोलिसांनीच तिला क्लोनीनच्या चर्चच्या आवारात पुरलं. कबरीवर नाव नाही.

इंटरनेटवर तुम्हाला ‘आयर्लंडमध्ये जाळलेली शेवटची चेटकीण’ असं शीर्षक दिसेल. ते चुकीचं आहे आणि फरक महत्त्वाचा आहे. चेटकीण ठरवलेल्या बाईवर निदान तिने स्वतः काही केल्याचा आरोप असतो. ब्रिजेटवर कसलाच आरोप नव्हता. समोर दिसते ती ब्रिजेटच नाही, एवढंच म्हणणं. एकदा असं म्हटलं की वेदना तिची उरत नाही, नकारही तिचा उरत नाही. जाळणारा स्वतःला बायकोला वाचवणारा समजू शकतो.

जुलै १८९५ मध्ये क्लॉनमेलला खटला चालला. खुनाऐवजी सदोष मनुष्यवधाचा गुन्हा सिद्ध झाला. मायकलला २० वर्षं सक्तमजुरी. १५ वर्षं भोगून तो १९१० मध्ये सुटला आणि त्याच वर्षी कॅनडात माँट्रियलला निघून गेला. जॅक डनला ३ वर्षं. तिच्या बापाला ६ महिने.

मग श्रद्धेनेच मारलं का? अँजेला बर्क या आयरिश अभ्यासिकेने १९९९ साली या प्रकरणावर पुस्तक लिहिलं. त्यातला मुद्दा मला पटतो. परीच्या गोष्टी ही एक भाषा होती, जे सरळ बोलता येत नाही ते बोलायची. बायको स्वतः कमावते, मूल नाही, उलट उत्तर देते, मनाप्रमाणे फिरते. हे ‘बदललेली’ या एका शब्दात मावतं. आणि टेकाडांच्या गोष्टी तर आयर्लंडभर सगळेच सांगायचे, पण त्यातल्या फार थोड्यांनी कुणाला हात लावला. गोष्ट माणूस मारत नाही. पण मारायचं मनात आलं तर ती परवानगी बनू शकते, आणि खोलीतल्या बाकीच्यांना गप्प बसायचं कारण. मला मायकलपेक्षा त्या खोलीतल्या बाकीच्यांचा विचार जास्त छळतो.

आता राजकारण. १८९३ मध्ये आयर्लंडला होमरूल, म्हणजे स्वतःचं कायदेमंडळ देणारं विधेयक लंडनच्या वरच्या सभागृहाने फेटाळलं होतं. वाद ताजा. ब्रिटिश राजवटीच्या बाजूच्या वर्तमानपत्रांना हे प्रकरण आयतं मिळालं. पऱ्यांवर विश्वास ठेवून बायका जाळणाऱ्यांच्या हाती राज्य द्यायचं का? लंडनमध्येही नवरे बायकांना मारत होते, पण त्यावरून कुणी इंग्रज लोक राज्य करायला नालायक असं लिहिलं नाही. ओळखीचं वाटतंय ना? हाच युक्तिवाद आपल्याबाबतही वापरला गेला. आणि एप्रिल १९१६ मध्ये लोकमान्य टिळकांनी बेळगावला होमरूल लीग काढली तेव्हा तो शब्द आयर्लंडच्याच लढ्यातून आला होता.

म्हणजे ब्रिजेट दोनदा हरवली. घरात ती परी ठरली, वर्तमानपत्रात ती पुरावा ठरली. शिवणकाम करणारी, अंडी विकणारी, फटकळ ब्रिजेट दोन्हीकडे नाही.

शेवटी एक बरी गोष्ट. स्वतंत्र आयर्लंडने या गोष्टी फेकून दिल्या नाहीत. १९३५ मध्ये लोककथा आयोग नेमला. १९३७ पासून सुमारे ५,००० प्राथमिक शाळांमधल्या मुलांनी घरातल्या म्हाताऱ्यांना विचारून त्या वहीत उतरवल्या. आज ती पानं इंटरनेटवर कुणालाही वाचता येतात. १९९९ मध्ये क्लेअर परगण्यात लाटून इथे महामार्गाच्या वाटेत एक हॉथॉर्नचं झाड आलं. एडी लेनिहान या कथाकाराने आवाज उठवला आणि झाड वाचलं. मला हे आवडतं. गोष्टीमुळे झाड वाचत असेल तर गोष्ट राहू दे. समोरच्या माणसाला माणूस नाही म्हणायला लागली, की तिथे कुणीतरी उठून दार उघडायला हवं.

आजच्यापुरतं इतकंच. तुम्हाला काय वाटतं, त्या खोलीतल्या लोकांना किती शिक्षा व्हायला हवी होती? नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात, तोपर्यंत ऐकत राहा!