लालबाग-परळचा फूड वॉक : मालवणी जेवण मुंबईचं कसं झालं?

लालबागच्या मिरची गल्लीत एप्रिल-मे महिन्यांत पाय ठेवायला जागा नसते. बेडगी, संकेश्वरी, काश्मिरी, पांडी अशा मिरच्यांचे ढीग लागलेले असतात. धणे, बडीशेप, खसखस, दगडफूल, नागकेशर यांची पोती उघडी असतात आणि वर्षाचा मसाला करून न्यायला आलेल्या बायकांच्या रांगा लागलेल्या असतात. त्यांतल्या अनेकींना गाव विचारलं, तर मालवण, कुडाळ, कणकवली, देवगड, वेंगुर्ला अशी नावं ऐकू येतात.

मुंबईत आज ‘अस्सल मालवणी’ अशा पाट्या जागोजागी दिसतात. पण हे जेवण मुंबईत आधी हॉटेलात आलं नव्हतं. ते आलं गिरणगावातल्या चाळींच्या खोल्यांमध्ये आणि ते टिकवलं खानावळी चालवणाऱ्या बायकांनी. हा इतिहास पायी फिरून, खात खात समजून घ्यायचा असेल, तर लालबाग-परळइतकी चांगली जागा दुसरी नाही.

फूड वॉक म्हणजे नेमकं काय?

एखाद्या जुन्या वस्तीतून वाटाड्याबरोबर दोन-तीन तास पायी फिरायचं, वाटेत चार-सहा ठिकाणी थोडं थोडं खायचं आणि त्या पदार्थांमागची माणसं समजून घ्यायची, याला फूड वॉक म्हणतात. जगभरात असे वॉक बहुतेक वेळा स्थलांतरितांच्या वस्त्यांमध्ये होतात. कारण सोपं आहे. माणूस गाव सोडतो, भाषा आणि कपडे बदलतो, पण जिभेची चव सर्वांत शेवटी बदलते.

न्यूयॉर्कच्या लोअर ईस्ट साइड भागात 1988 मध्ये टेनेमेंट म्युझियम सुरू झालं. स्थलांतरित कुटुंबं जिथे दाटीवाटीने राहिली, त्या चाळीसारख्या इमारतींमध्येच हे संग्रहालय आहे आणि त्या वस्तीतून ते पायी फेऱ्याही नेतं. लंडनच्या ब्रिक लेनवर तर एकच इमारत सगळी कहाणी सांगते. 1743 मध्ये ती फ्रान्समधून आलेल्या ह्युगेनॉट लोकांचं चर्च म्हणून बांधली गेली, पुढे ती ज्यूंचं प्रार्थनास्थळ झाली आणि 1976 पासून तिथे बांगलादेशी मुस्लिमांची मशीद आहे. त्याच रस्त्यावर ज्यूंची बेगल आणि बांगलादेशी करी आजही शेजारी-शेजारी मिळतात.

मुंबईत असा थर शोधायचा तर गिरणगावात जावं लागतं.

सिंधुदुर्गातली माणसं गिरणगावात कशी आली?

मुंबईतली पहिली कापड गिरणी ताडदेवला 1856 मध्ये सुरू झाली. पुढच्या काही दशकांत लालबाग, परळ, शिवडी, वरळी, भायखळा या भागांत डझनावारी गिरण्या उभ्या राहिल्या आणि त्यांना माणसं लागली. ती मोठ्या संख्येने कोकणातून आली.

आजचा सिंधुदुर्ग जिल्हा 1 मे 1981 रोजी वेगळा झाला. त्याआधी मालवण, वेंगुर्ला, देवगड हे सगळं रत्नागिरी जिल्ह्यात होतं. 1911 च्या जनगणनेच्या वेळी मुंबईतल्या गिरणी कामगारांपैकी जवळपास निम्मे रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेले होते.

कोकणात शेतीचे तुकडे लहान. भात एका पावसाळ्यावर अवलंबून. त्यामुळे पुरुष मुंबईला आणि बायको, मुलं, आईवडील गावाला, अशी घरं दोन ठिकाणी विभागली गेली. गावाकडचा खर्च मनीऑर्डरवर चालायचा. वेंगुर्ला, मालवणहून बोटीने मुंबई गाठायची आणि पावसाळ्यात बोटी बंद, असा तो काळ होता. गणपती आणि शिमग्याला गावी परतणाऱ्या या माणसाला आजही ‘चाकरमानी’ म्हणतात.

खानावळ का लागली?

एकट्या पुरुषाला मुंबईत खोली परवडत नव्हती. मग एका गावचे वीस-पंचवीस जण मिळून एक खोली घ्यायचे. गिरण्या पाळ्यांमध्ये चालत, म्हणून एक पाळी कामावर असताना दुसरी झोपायची. अशा खोलीत स्वयंपाक करणं शक्यच नव्हतं.

त्याच चाळीत बिऱ्हाड असलेली एखादी बाई आपल्या दहा बाय बाराच्या खोलीत या पुरुषांना दोन वेळचं जेवण घालू लागली. महिन्याचे पैसे पगारावर मिळायचे. हीच खानावळ. ना पाटी, ना मेन्यू कार्ड. गावची ओळख हीच जाहिरात.

खानावळ गावाप्रमाणे ठरायची. कोकण्याला भात आणि माशाचं कालवण हवं, साताऱ्या-कोल्हापूरच्या घाटी कामगाराला भाकरी आणि झणझणीत रस्सा हवा. पण फक्त चवीनेच पंगती वेगळ्या केल्या नव्हत्या, जातीनेही केल्या होत्या. गिरणीत तुटलेला धागा तोंडाने ओढून जोडावा लागतो, विटाळ होईल, असं कारण सांगून दलित कामगारांना विणकाम खात्यात घेतलं जात नसे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न 1920 च्या दशकाच्या अखेरीस कामगार चळवळीपुढे ठामपणे मांडला. गिरणगावच्या जेवणाची गोष्ट सांगताना हा भाग गाळला, तर ती अर्धीच राहते.

वॉक कुठून कुठे?

मध्य रेल्वेच्या चिंचपोकळी किंवा करी रोड स्टेशनवर उतरलं की पुढचं सगळं चालत जाण्याच्या अंतरात आहे. सकाळी साडेनऊच्या सुमाराला निघालात, तर दुपारच्या जेवणापर्यंत फेरी पूर्ण होते.

*पहिला थांबा : लालबागचा बाजार.* लालबागचा राजा सगळ्यांना माहीत असतो, पण त्या गणपतीची सुरुवात बाजाराच्या मागणीतून झाली हे फारसं कुणाला माहीत नसतं. पेरू चाळीतला बाजार 1932 मध्ये बंद पडला. उघड्यावर बसायची वेळ आलेल्या कोळणींनी आणि विक्रेत्यांनी कायमची जागा मिळावी म्हणून नवस केला. जागा मिळाली आणि 1934 मध्ये गणपती बसला. ‘नवसाला पावणारा’ या ओळखीच्या मुळाशी मासळी आणि भाजी विकणाऱ्यांच्या पोटाचा प्रश्न आहे.

*दुसरा थांबा : मिरची गल्ली.* इथे मालवणी मसाल्याचं गणित कळतं. सुकी मिरची आणि पंधरा-वीस जिन्नस भाजायचे, कुटायचे आणि बरणीत भरायचे. एकदा केला की वर्षभर पुरतो. गावाकडे माशाच्या कालवणाला ओल्या खोबऱ्याचं वाटण, सोलं आणि बांगडा-तारल्यांसाठी तिरफळं लागतात. पाटा-वरवंट्यावर ते रोज ताजं वाटावं लागतं. कोरडा मसाला मात्र प्रवासात टिकतो, छोट्या खोलीत मावतो आणि एकाच वेळी वीस जणांच्या सागोतीला किंवा काळ्या वाटाण्याच्या उसळीला चव देतो. चाळीतल्या स्वयंपाकाला तो सोयीचा होता.

*तिसरा थांबा : चिवडा गल्ली.* पोह्यांचा, मक्याचा, तिखट-गोड असे चिवड्याचे प्रकार इथे किलोने मिळतात. इथे चव बघून घेता येते. पण पोट भरू नका, पुढे जेवायचं आहे.

*चौथा थांबा : भारतमाता सिनेमाचा परिसर.* मराठी सिनेमांसाठी ओळखलं जाणारं हे गिरणी कामगारांचं थिएटर. शेजारीच इंडिया युनायटेड मिल क्रमांक 1 चा परिसर आहे. जवळच्या ‘लाडू सम्राट’मध्ये लाडू आणि वडे खायला आजही गर्दी असते. इथे उभं राहून आजूबाजूला बघितलं की जुनी चाळ, बंद गिरणी आणि काचेचा टॉवर एकाच नजरेत येतात.

*पाचवा थांबा : मालवणी जेवण.* लालबाग-परळमधल्या कोणत्याही छोट्या मालवणी हॉटेलात बसा. चालायची तयारी असेल तर दादर गाठा. तिथे ‘सिंधुदुर्ग’ आहे आणि मूळचं मालवणचं ‘चैतन्य’ही. ताटात बहुधा तळलेली तुकडी, कालवण, भात, भाकरी किंवा वडे आणि सोलकढी असते.

एक लक्षात ठेवायला हवं. गावाकडे कोंबडी-वडे हे रोजचं जेवण नव्हतं. पाहुणा आला, जावई आला, सण असला, तरच तांदूळ, उडीद, धणे, मेथी दळून वडे व्हायचे. रोज असायची पेज आणि जमलं तर निस्त्याची कढी-भात. हॉटेलच्या ताटाने सणाचा पदार्थ रोजचा केला आणि रोजची पेज बाजूला पडली. त्यामुळे ‘अस्सल मालवणी थाळी’ ही गावच्या ताटाची हुबेहूब नक्कल नाही. तिच्यात मुंबईचाही वाटा आहे.

खानावळवाल्या बायकांचं काय झालं?

या बायका दिवसाचे बारा-चौदा तास राबत, पण त्यांची गणना कामगारांत होत नव्हती. किराणा उधारीवर, वरून सावकाराचं व्याज. 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला गिरण्यांमध्ये संप झाला, तेव्हा पगार थांबले तरी त्यांनी संपकऱ्यांना उधारीवर जेवू घातलं आणि त्या स्वतः कर्जात बुडाल्या.

कामगार चळवळीत काम करणाऱ्या प्रेमा पुरव यांनी हे बघितलं. 1975 मध्ये त्यांनी खानावळवाल्या महिलांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केलं आणि त्यांना राष्ट्रीयीकृत बँकेचं कर्ज मिळवून दिलं. तारण ठेवायला काही नसलेल्या बायकांनी एकमेकींना जामीन राहून कर्ज घेतलं आणि फेडलं. पुरव यांना 2002 मध्ये पद्मश्री मिळाली.

18 जानेवारी 1982 रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. हा संप औपचारिकरीत्या कधी मागे घेतलाच गेला नाही. गिरण्या एकेक करून बंद पडत गेल्या. अनेक कामगार गावी परतले, काही जण भाजी विकू लागले, काही जण वॉचमन झाले. जेवणारेच गेल्यावर खानावळींचंही कंबरडं मोडलं. काही बायकांनी पोळी-भाजीचे डबे सुरू केले, काहींनी चूल विझवली.

आता चाळींच्या जागी टॉवर येत आहेत. मिरची गल्ली अजून गजबजलेली आहे, कारण बदलापूर, विरारला राहायला गेलेल्या बायकाही मसाल्यासाठी लालबागलाच येतात. पण त्या दहा बाय बाराच्या खोल्या संपल्या, की खानावळ कुठे होती हे दाखवायला जागाच उरणार नाही.

वॉकला जाण्याआधी

वार बघून जा. सोमवार, गुरुवार, संकष्टी आणि श्रावणात बऱ्याच घरांत मांसाहार नसतो. त्या दिवशी छोट्या हॉटेलांतही मासे कमी असतात. बुधवार, शुक्रवार, रविवार चांगले.

1 जून ते 31 जुलै या काळात राज्याच्या किनाऱ्यावर यांत्रिक मासेमारीला बंदी असते. ताजी मासळी कमी आणि महाग मिळते. तेव्हा सुकट, सुका बांगडा आणि काळ्या वाटाण्याची उसळ मागा.

चाळ हे लोकांचं घर आहे. न विचारता गॅलरीत शिरून रील काढू नका.

वाटाड्या निवडताना तो त्या वस्तीतला आहे का, किंवा वस्तीतल्या लोकांना बोलतं करतो का, हे विचारा. नुसते पदार्थ चाखवणारा वॉक आणि गिरणीचा, संपाचा, जातीचा, बायकांच्या कष्टाचा इतिहास सांगणारा वॉक यांत मोठा फरक आहे.

आणि मालवणात?

1997 मध्ये सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. पुढच्याच वर्षी कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली. आज मालवण, तारकर्ली, देवबागमध्ये घराघरांवर ‘घरगुती जेवण मिळेल’ अशा पाट्या दिसतात. आत बहुतेक वेळा घरातलीच बाई चुलीपुढे असते आणि पडवीत जेवणारे असतात मुंबई-पुण्याचे.

म्हणजे खानावळ पुन्हा गावी आली आहे. लालबागला ती गावाबाहेर पडलेल्या माणसाला जेवू घालत होती. मालवणात ती शहरातून आलेल्या माणसाला जेवू घालते. राबणारे हात दोन्हीकडे बाईचेच. म्हणून पुढच्या वेळी सोलकढीचा फोटो टाकताना ती कुणी केली, हे नाव विचारून, तिची परवानगी घेऊन खाली लिहायला हरकत नाही.