वर्ध्याचे कुष्ठकार्य आणि फ्लुओरिनचा अणू

कुष्ठरोगावरील औषधांचा इतिहास लिहू पाहणाऱ्यास वर्धा जिल्ह्याचे दप्तर चाळल्यावाचून पुढे जाता येणार नाही. १९३६ साली विनोबांच्या प्रेरणेने मनोहरजी दिवाण यांनी दत्तपूरचे कुष्ठकार्य आरंभिले, तेव्हा वैद्यकाच्या हाती कडू कवठीच्या तेलापलीकडे फारसे काही नव्हते. ते दाट तेल सुईने टोचले जाई, त्याच्या वेदना पुष्कळ आणि गुण अनिश्चित. सेवाग्रामात गांधीजी कुष्ठग्रस्त परचुरे शास्त्रींची शुश्रूषा स्वहस्ते करीत, त्या सेवेत करुणा अपार होती. परंतु जंतूला हटविणारे द्रव्य नव्हते.

ते डॅप्सोनच्या रूपाने आले. १९५१ साली स्थापन झालेल्या गांधी मेमोरियल लेप्रसी फाउंडेशनच्या डॉ. वार्डेकरांनी सर्वेक्षण, शिक्षण आणि उपचार अशी पद्धत घालून दिली. कार्यकर्ता घरोघर जाई, दिवसाच्या उजेडात अंगावरचा फिकट चट्टा शोधी, त्यावर कापसाची वात टेकवून स्पर्श कळतो का ते विचारी, आणि कोपराजवळची नस जाड झाली आहे का, हे बोटांनी चाचपून पाही. पुढे जंतू डॅप्सोनला दाद देईनासे झाले, तेव्हा रिफाम्पिसिनसह अनेक औषधांचा एकत्रित उपचार १९८०च्या दशकारंभी देशात प्रथम ज्या जिल्ह्यांत सुरू झाला, त्यांत वर्धा होता.

कुष्ठोपचारात फ्लुओरिनचा प्रवेश यानंतरचा, त्याची मुळे मात्र जुनी. १९६२ साली क्लोरोक्विनच्या संशोधनातून निघालेले नॅलिडिक्सिक आम्ल मूत्रमार्गाच्या विकारांपुरतेच उपयोगी पडे. पण त्याच कुळातल्या नायट्रोजनयुक्त जोडवलयाच्या सहाव्या कार्बनवर जपानी रसायनज्ञांनी फ्लुओरिनचा एकच अणू बसविला, आणि हे रेणू जंतूच्या पेशीत सहज शिरून त्याच्या डीएनएची गुंडाळी सांभाळणाऱ्या विकराला निष्प्रभ करू लागले. त्यांपैकी ऑफ्लॉक्सॅसिन ४०० मिलिग्रॅम, रिफाम्पिसिन ६०० आणि मिनोसायक्लिन १०० अशी एकच मात्रा एका चट्ट्याच्या रोग्यास देण्याची शिफारस १९९७ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी केली. हा उपचार भारतात पुढे मागे पडला. रिफाम्पिसिनला न जुमानणाऱ्या जंतूंसाठी मात्र या कुळातली औषधे आजही राखून ठेवलेली आहेत.

त्या अणूचे सामर्थ्य निर्विवाद आहे. तरी एकच चट्टा असतानाच रोगी सापडावा, हे घरोघरच्या पायपिटीवाचून घडत नाही, म्हणून श्रेयाचा मोठा वाटा मी त्या कार्यकर्त्यांच्या पदरी टाकीन. वाचकांनीही अंगावर बधिर चट्टा दिसताच संकोच न करता सरकारी दवाखाना गाठावा. तेथे औषध विनामूल्य मिळते.