दहा सेकंदांचं दुकान

अमेरिकेत पिट्सबर्ग शहराला लागूनच विल्किन्सबर्ग नावाचं गाव आहे. वेस्टिंगहाउस कंपनीतले इंजिनिअर फ्रँक कॉनरॅड तिथे राहत. घरामागच्या गॅरेजच्या माडीवर त्यांनी स्वतःचा ट्रान्समीटर बसवला होता. नोकरीतून मोकळे झाले की ते इतर हौशी मंडळींशी बिनतारी गप्पा मारत. १९१९च्या ऑक्टोबरात त्यांनी बोलण्याला विसावा म्हणून मायक्रोफोन ग्रामोफोनसमोर ठेवला आणि ऐकणाऱ्यांना गप्पांपेक्षा गाणीच जास्त भावली. पत्रं येऊ लागली, अमुक तबकडी लावा म्हणून फर्माइशी होऊ लागल्या. घरातल्या तबकड्या किती पुरणार? तेव्हा गावातलं हॅमिल्टन म्युझिक स्टोअर पुढे आलं. तबकड्या द्यायला दुकान तयार होतं, अट एकच: लावताना दुकानाचं नाव घ्यायचं. कॉनरॅडनी नाव घेतलं. हवेवर वाजलेल्या तबकड्या इतरांपेक्षा जास्त खपतात, हे दुकानाच्या लवकरच लक्षात आलं.

रेडिओवरच्या जाहिरातीचं कूळ शोधत गेलं की या व्यवहारापाशी येऊन थांबावं लागतं. पैसे कोणी मोजले नाहीत, करारपत्र झालं नाही. पिट्सबर्गचं प्रसिद्ध केडीकेए केंद्रही सुरू व्हायचं होतं, ते आलं नोव्हेंबर १९२० मध्ये. गल्लीतल्या एका दुकानाला गिऱ्हाईक हवं होतं आणि एका हौशी माणसाला गाणी हवी होती, एवढ्यावर काम भागलं. रेडिओ-जाहिरातीचा इतिहास सांगताना मोठमोठ्या ब्रँडांची नावं घेतली जातात. पण या जाहिरातीची लांबी, तिची घडण, तिच्यातली नावाची उजळणी, हे सगळं छोट्या गिऱ्हाइकाच्या गरजेतून आणि त्याच्या खिशाच्या मापाने ठरत आलं आहे.

पैसे मोजून केलेली पहिली जाहिरातही स्थानिकच होती. न्यूयॉर्कमध्ये एटी अँड टी या टेलिफोन कंपनीने १९२२ मध्ये डब्ल्यूईएएफ हे केंद्र काढलं. कंपनीचा हिशोब सरळ टेलिफोनवरून उचललेला होता: ज्याला बोलायचं असेल त्याने वेळेचे पैसे भरावेत आणि बोलावं. २८ ऑगस्ट १९२२ च्या संध्याकाळी क्वीन्सबरो कॉर्पोरेशन या बांधकाम कंपनीने पन्नास डॉलर भरून दहा-पंधरा मिनिटं घेतली. विकायचे होते ते क्वीन्समधल्या जॅक्सन हाइट्सच्या ‘हॉथॉर्न कोर्ट’ या इमारतीतले फ्लॅट. कंपनीच्या माणसाने आधी नॅथॅनिएल हॉथॉर्न या कादंबरीकाराविषयी आदराने चार शब्द सांगितले. मग गजबजलेल्या मॅनहॅटनमधून बाहेर पडून मोकळ्या हवेत, झाडापानांच्या शेजारी राहायला या, मुलांना खेळायला जागा मिळेल, असं आर्जव केलं. पुण्या-मुंबईच्या बाहेर उभ्या राहणाऱ्या गृहसंकुलांच्या जाहिराती आज जे सांगतात, त्यातलं बहुतेक सगळं त्या संध्याकाळी सांगून झालं होतं. त्याच जॅक्सन हाइट्समध्ये पुढे भारतीयांची वस्ती वाढली. तिथल्या ७४व्या रस्त्यावरची साड्यांची, दागिन्यांची आणि वाणसामानाची दुकानं न्यूयॉर्कच्या मराठी माणसांना चांगली माहीत आहेत.

पुढची काही वर्षं मात्र संकोचाची गेली. घराच्या दिवाणखान्यात शिरून माल विकणं असभ्य आहे, असं तेव्हा अनेकांना वाटे. रेडिओचा कारभार ज्यांच्याकडे होता ते वाणिज्यमंत्री हर्बर्ट हूव्हर यांनीही १९२२ मध्ये याबद्दल जाहीर नापसंती व्यक्त केली होती. वस्तूची किंमत हवेवर सांगायची नाही, असा डब्ल्यूईएएफचा दंडक होता. व्यापाऱ्यांनी त्यातूनही वाट काढली. वाद्यवृंदालाच दुकानाचं नाव द्यायचं! ब्राउनिंग किंग ही कपड्यांची पेढी होती, तिचा ‘ब्राउनिंग किंग ऑर्केस्ट्रा’ वाजे आणि कपड्यांविषयी चकार शब्द निघत नसे. ए अँड पी या किराणा दुकानांचे ‘ए अँड पी जिप्सीज’ असत. नाव पुन्हा पुन्हा कानावर पडलं की ते मनात घर करतं, हे इथे पक्कं कळलं. रेडिओ ऐकणाऱ्याला वर्तमानपत्रासारखं पान मागे उलटता येत नाही. एकदा निसटलेलं नाव परत हाती लागत नाही, म्हणून ते वारंवार घ्यावं लागतं. आजच्या वीस सेकंदांच्या जाहिरातीत दुकानाचं नाव दोन-तीनदा येतं ते याच कारणाने.

नाव सांगण्याऐवजी गाऊन टाकलं तर? हे मिनियापोलिसमध्ये घडलं. वॉशबर्न क्रॉस्बी ही पिठाच्या गिरण्यांची कंपनी. डब्ल्यूसीसीओ हे केंद्र तिच्याच मालकीचं होतं आणि त्या चार अक्षरांत कंपनीचंच नाव दडलेलं होतं. २४ डिसेंबर १९२६ रोजी, नाताळच्या आदल्या दिवशी, चार गायकांनी कंपनीच्या ‘व्हीटीज’ या न्याहारीच्या पदार्थाचं गाणं म्हटलं. ते पहिलं जिंगल मानलं जातं. १९२९ च्या सुमारास व्हीटीज बंद करायचा विचार चालू होता. तेव्हा जाहिरात विभागाच्या सॅम गेल यांनी आकडे समोर ठेवले. खपलेल्या ५३,००० पेट्यांपैकी ३०,००० पेट्या एकट्या मिनियापोलिस-सेंट पॉलच्या टापूत गेल्या होत्या, म्हणजे जिथे ते गाणं ऐकू येत होतं तिथे. देशभर गाजलेल्या या ब्रँडला एका शहराच्या केंद्राने वाचवलं.

चार गायक ठेवणं गिरणीमालकाला परवडलं. बूटवाल्याला, बेकरीवाल्याला ते कसं परवडावं? याचं उत्तर टेक्सासमधल्या डॅलसला मिळालं. तिथे बिल मीक्स यांनी १९५१ मध्ये ‘पॅम्स’ ही कंपनी काढली. एकदा उत्तम वाद्यमेळ ध्वनिमुद्रित करून ठेवायचा आणि मग गावोगावच्या केंद्रांसाठी त्याच संगीतावर नावं बदलून गाऊन घ्यायची, असा तिचा व्यवहार होता. संगीताचा खर्च असा अनेकांत वाटला गेला की एकेकाच्या वाट्याला थोडाच येतो. गाणाऱ्या जाहिरातींच्या धंद्यातही हीच रीत रुळली.

त्याच सुमारास ‘डोनट’ नावाची घडण रूढ झाली. सुरुवातीला गायलेली ओळ, शेवटी गायलेली ओळ आणि मध्ये नुसतं संगीत. त्या मधल्या जागेत निवेदक या आठवड्याची सवलत वाचून दाखवणार. गाणं एकदाच करून घ्यायचं, ते पाच-दहा वर्षं वापरायचं, मधला मजकूर सणासुदीप्रमाणे बदलत राहायचा. आपल्याकडे दसऱ्याला आणि पाडव्याला सराफांच्या जाहिराती ऐका: चाल तीच, मधलं निवेदन नवं. ज्याने कोणी ही घडण पहिल्यांदा बसवली, त्याने लहान दुकानदारावर मोठेच उपकार केले आहेत.

पैसा कमी असला की कल्पनेला जागा जास्त मिळते, हे अमेरिकेतले विनोदी कलाकार स्टॅन फ्रीबर्ग यांनी १९६०च्या दशकात दाखवलं. त्यांनी रेडिओच्याच प्रचारासाठी एक जाहिरात केली. त्यात मिशिगन सरोवर रिकामं करून त्यात गरम चॉकलेट भरतात, वर फेटलेल्या सायीचा सातशे फुटी डोंगर लोटतात, विमानं येऊन त्यावर दहा टनांची चेरी टाकतात आणि पंचवीस हजार माणसं जल्लोष करतात. हे सगळं काही आवाजांत उभं राहिलं. टेलिव्हिजनवर हे करून दाखवा, असं आव्हान शेवटी होतं. जेमतेम भांडवलाच्या माणसाला रेडिओ काय देऊ शकतो, याचं इतकं नेमकं प्रात्यक्षिक दुसरं नाही.

भारतात ही गोष्ट उलट्या टोकाने सुरू झाली. आकाशवाणीवर जाहिरातींना मज्जाव होता. त्यातच १९५२ मध्ये माहिती व नभोवाणी मंत्री झालेल्या बाळकृष्ण विश्वनाथ केसकरांनी चित्रपटगीतांवर बंधनं आणली. श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले आणि त्यांच्यामागून जाहिरातदारही गेले. ३ डिसेंबर १९५२ रोजी तिथे बिनाका टूथपेस्टची ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. निवेदक अमीन सयानी मुंबईत कार्यक्रम ध्वनिमुद्रित करत आणि त्याच्या टेप विमानाने कोलंबोला जात. सिलोनची लघुलहरी सगळ्या हिंदुस्थानात ऐकू येई. टूथपेस्टवाल्याला ते पर्वणीसारखं होतं, कारण त्याची टूथपेस्ट सगळीकडे मिळत होती. पण पुण्याच्या लक्ष्मी रस्त्यावरच्या सराफाने पाटण्याच्या श्रोत्यासाठी पैसे का मोजावेत? त्याच्यासारख्यांना वर्तमानपत्र, सिनेमागृहातली स्लाइड आणि भोंगा लावलेली रिक्षा यांच्यावरच भागवावं लागे.

अशोक चंदा यांच्या अध्यक्षतेखाली १९६४ मध्ये नेमलेल्या समितीने व्यापारी प्रसारणाची शिफारस केली आणि १ नोव्हेंबर १९६७ रोजी विविध भारतीवर जाहिराती सुरू झाल्या. प्रयोगासाठी मुंबई, पुणे आणि नागपूर ही केंद्रं निवडली गेली. भारताच्या सरकारी रेडिओवरची जाहिरात महाराष्ट्रात जन्मली, ही गोष्ट मराठी वाचकांनी आवर्जून लक्षात ठेवण्यासारखी आहे. मजकूर आधी मंजूर करून घ्यावा लागे. दारू आणि तंबाखूला प्रवेश नव्हता. दर ठरवताना काळाचं माप सेकंदांत धरलं जाई. आज तर दहा सेकंद हेच या धंद्याचं चलन आहे: दर दहा सेकंदांचा सांगतात, तीस सेकंद घेतले की तिप्पट पैसे.

खरा बदल केला तो एफएमने, आणि त्याचं कारण तांत्रिक आहे. एफएमच्या लहरी साधारण नजरेच्या टप्प्याइतक्याच जातात. मनोऱ्याची उंची आणि ट्रान्समीटरची ताकद यांवर ते अवलंबून असतं, पण चाळीस-पन्नास किलोमीटरांपुढे आवाज विरत जातो. गाण्याच्या श्रोत्याला ही उणीव वाटेल. दुकानदाराला मात्र तो नेमका त्याच्या गिऱ्हाइकांचा परीघ मिळाला. १९९३ मध्ये आकाशवाणीने मुंबई-दिल्लीत खासगी निर्मात्यांना एफएमवर वेळ दिली, ३ जुलै २००१ रोजी बंगळूरला पहिलं खासगी केंद्र सुरू झालं आणि २००५ च्या धोरणानंतर खासगी एफएम कोल्हापूर, सांगली, सोलापूर, जळगाव, नांदेड, अकोला अशा शहरांत पोचलं. जड वार्षिक शुल्काऐवजी उत्पन्नातला चार टक्के वाटा सरकारला द्यायचा, असं त्या धोरणाने ठरवलं, म्हणून जिल्ह्याच्या गावी केंद्र चालवणं आवाक्यात आलं.

अशा केंद्रात जाहिरात घडते कशी? समजा, भांड्यांचं दुकान आहे. केंद्राचा विक्री प्रतिनिधी मालकांना भेटतो. मालकांना खूप काही सांगायचं असतं: दुकान वडिलांनी काढलेलं, शाखा तीन, स्टील, तांबं, पितळ, नॉनस्टिक, रुखवताची भांडी, घरपोच सेवा आणि दोन मोबाइल नंबर. हे सांगावंसं वाटणं रास्तच आहे, त्यात एका घराण्याचे कष्ट आहेत. पण दहा सेकंदांत मराठी सावकाश बोललं तर वीस-बावीस शब्द बसतात. मोटारसायकलवरून जाणारा माणूस मोबाइल नंबर लिहून घेत नाही. म्हणून लेखक मालकांकडून एकच गोष्ट काढून घेतो: यंदा दसऱ्यापर्यंत जुनी भांडी मोडीत घ्यायची आहेत. मग संहिता उतरते:

(कुकरची फुसफुस.)
सासू: अगं, हा कुकर शिट्टीच देईना!
सून: आई, दमलाय तो. मोडीत घालू या आता.
निवेदक: जुनी भांडी आणा, नवी घेऊन जा. दसऱ्यापर्यंत. बसस्टँडसमोर.

पुढे दुकानाचं नाव, दोनदा. वीस सेकंद झाले. रस्त्याचं नाव नाही, प्लॉट क्रमांक नाही, कारण गावात पत्ता बसस्टँड, देऊळ, जुनी टॉकीज यांवरूनच सांगतात. सासू-सुनेची भाषा कुठली, हे इथे फार महत्त्वाचं ठरतं. कोल्हापूरच्या स्वयंपाकघरात पुणेरी सून बोलू लागली की जाहिरात परकी वाटते. मुंबईहून आलेल्या चकचकीत जाहिरातीला इथली गावरान जाहिरात मागे टाकते ती याच बळावर. कधी कधी मालकांचाच आवाज घेतात. उच्चार सफाईदार नसले तरी गिऱ्हाईक तो आवाज गल्ल्यावरून ओळखत असतं, आणि तो विश्वास भाड्याने आणलेल्या आवाजाला मिळत नाही.

मंजुरी बहुतेक वेळा व्हॉट्सॲपवर होते. मग जाहिरात वेळापत्रकात चढते. वाणसामानाची सकाळी, हॉटेलाची दुपारी जेवणाआधी, क्लासेसची जूनच्या तोंडावर, सराफाची गुरुपुष्यामृताला. ज्यांना वीस सेकंदही जड जातात त्यांच्यासाठी आरजे गप्पांच्या ओघात नाव घेतो. धंद्यात त्याला ‘मेन्शन’ म्हणतात. कॉनरॅड आपल्या माडीवरून अगदी हेच करत होते.

कम्युनिटी रेडिओत तर स्थानिक व्यवसायाला नियमानेच जागा दिली आहे. २००६ च्या धोरणात या केंद्रांना तासाला पाच मिनिटं जाहिरातींची मुभा मिळाली, तीही स्थानिक कार्यक्रम, स्थानिक व्यवसाय, सेवा आणि रोजगार यांच्यापुरती. पुढे ती मर्यादा सात मिनिटांवर गेली आणि २०२४ मध्ये बारा मिनिटांवर. सरकारी जाहिरातींचा दरही तेव्हा दहा सेकंदांना ५२ रुपयांवरून ७४ रुपये करण्यात आला. साताऱ्याच्या माण तालुक्यात, म्हसवडला ‘माणदेशी तरंग’सारखं केंद्र चालतं ते याच चौकटीत. अशा केंद्राच्या टप्प्यातला पिठाच्या गिरणीवाला किंवा शिवणक्लास चालवणारी बाई दर महिन्याला थोडे पैसे बाजूला ठेवू शकली, तर तिला स्वतःची जाहिरात परवडू शकते. जाहिरात लिहून द्यायला मात्र त्या भागाची बोली जाणणारा माणूस लागतो, आणि अशी माणसं तयार करणं हे या केंद्रांपुढचं सध्याचं मोठं काम आहे.